परदेशात गेल्यावर तिथलं पारंपरिक काय खावं? (सोबत माळकरी वडील आणि मटणवाला मेव्हणा)

गोदाकाठचा (नांदेड)
मंडळी, राम राम.
दिवाळी झाल्यावर घरच्या सगळ्यांनी मिळून परदेशात जायचं चाललंय. देश अजून ठरलेला नाही. इथल्या एका टूरवाल्याकडं चौकशीला गेलो, तर त्यानं बसायच्या आधीच सांगितलं, "साहेब, खाण्याची काळजीच सोडा. सोबत आपले महाराज आहेत. रोज पनीर, जिरा राइस, रविवारी पुरणपोळी." बायको तिथंच म्हणाली, मग नांदेडलाच राहू की, पुरणपोळी मला बी येते.

तर अडचण अशी. वडील माळकरी, अंडं पडलेला केकसुद्धा खात नाहीत. मेव्हणा चार पायाचं खाटलं आणि पंखाचं विमान एवढंच सोडतो. लेकरं दोन, त्यांचं काही सांगता येत नाही. युरोप खिशाला झेपणार नाही.

मला पिझ्झा-बर्गर नको आणि रील बघून जिथं रांगा लागतात तेही नको. तिथली माणसं घरात, बाजाराच्या दिवशी, सणाला काय खायलेत ते पाहिजे. स्वतः खाल्लेलं असेल तेच लिहा, गुगल मलाही येतं.

सिल्लोडची_मिरची
ठेचा न्या. बाकी देव बघून घेईल.

निवृत्त_गुरुजी (परभणी)
मिरचीताईंशी सहमत. धपाटे तीन दिवस आरामात टिकतात, दशम्या त्याहून जास्त. त्यासोबत शेंगाची चटणी, येसर, मेतकूट घ्यावं, रूमवर गरम पाणी मिळतंच. आम्ही लेकाकडं सिंगापूरला असंच केलं. परदेशात पोट बिघडलं तर कोण बघणार? बनी तो बनी, नहीं तो परभणी, पण परभणी तिथून फार लांब पडते.

बीडचा_खलाशी
गुरुजी, सिंगापूरला मसाला नेताना जपून. खसखस सिंगापुरात आणि दुबईकडं चालत नाही, अफूच्या झाडाची म्हणून. घरच्या काळ्या मसाल्यात पुष्कळ ठिकाणी खसखस असते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला तर खाण्याची प्रत्येक पुडी फॉर्मवर लिहून दाखवावी लागते, न लिहिता नेली तर न्यूझीलंडमध्ये जागेवर ४०० डॉलर दंड. धपाटे न्या, पण लिहून न्या.

हुरडाबाज
बीडला समुद्र कधी आला?

बीडचा_खलाशी
दुष्काळातच माणसाला समुद्राची किंमत कळते भाऊ. दरवेळी हाच प्रश्न. मर्चंट नेव्हीत आहे.

चुलीवरची (अंबाजोगाई)
आमचे हे इथिओपियात बहिर दारच्या विद्यापीठात शिकवायला होते, तेव्हा मी तिथं संसार केलेला आहे. माळकरी माणसाला जेवायला घालायचं तर इथिओपियासारखा देश नाही. हसू नका, पुढं वाचा.

तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे बुधवार आणि शुक्रवार उपासाचे. शिवाय ईस्टरच्या आधी ५५ दिवसांचा मोठा उपास. उपास म्हणजे साबुदाणा नव्हे. मांस, अंडी, दूध, लोणी बंद, डाळी-भाज्या-तेल चालू. म्हणून बुधवारी कुठल्याही साध्या खानावळीत शिरून 'त्सोम' म्हणजे उपासाचं मागायचं. 'बेयाइनेतू' येतं. परातीएवढा इंजेरा, त्यावर वाढलेली मसुराची तिखट डाळ, हळदीची पिवळी डाळ, बीट, कोबी-गाजर-बटाटा, एखादी पालेभाजी. 'व्हेज आहे का' असं विचारलं की वेटर गोंधळतो, चिकन काढून तोच रस्सा आणून देतो. उपासाचं म्हटलं की भानगडच नाही. त्याच्या आईनं लहानपणापासून ते पाळलेलं असतं.

इंजेरा टेफच्या पिठाचा. टेफचा दाणा खसखशीएवढा. पीठ दोन-तीन दिवस आंबवतात आणि मितादवर, म्हणजे मातीच्या मोठ्या सपाट तव्यावर, बाहेरच्या कडेपासून आत धार सोडत घालतात. झाकण ठेवतात, उलटत नाहीत. वरून सगळी जाळी पडते आणि गवताच्या विणलेल्या पाटीवर तो अलगद ओढून घेतात. आमच्या घरमालकीणबाई हे काम बोलता बोलता करायच्या. माझ्या हातून तो ओढताना फाटायचाच. चव चांगली आंबट, पहिल्या घासाला तोंड वाकडं होतं. पण जेवण संपत आल्यावर भाज्यांखालचा जो रस्सा प्यालेला तुकडा उरतो ना, त्यासाठी घरात भांडणं होतात.

आणि शिरो. भाजलेल्या हरभऱ्याचं किंवा बाकल्याचं पीठ, त्यात दळतानाच मसाला घातलेला. कांदा-लसूण तेलात परतून त्यात हे पीठ शिजवतात आणि मातीच्या भांड्यात रटरटत पानावर आणतात. आता हे काय आहे ते मराठवाड्याच्या माणसाला सांगायची गरज नाही.

हुरडाबाज
पिठलं!!! आफ्रिकेत पिठलं!!!

भाकरतुकडा
मुंबईहून अदिस अबाबाला थेट विमान आहे. पिठल्यासाठी एवढं लांब जाणारा पहिला माणूस नांदेडचा असेल.

तुळजाई
मला एक कळत नाही. अशा धाग्यावर दर वेळी हेच होतं. इंजेरा म्हणजे आंबोळी, शिरो म्हणजे पिठलं, कुणीतरी आता येऊन टॅको म्हणजे भाकरीचा कानवला म्हणेल. सगळं आपल्यासारखंच शोधायचं असेल तर लाखभर रुपये घालून जायचं कशाला? जे आपल्याकडं कुठंच नाही ते खा की. जिभेला धक्का बसू द्या जरा.

चुलीवरची
तुळजाई, पिठलं मी म्हटलेलं नाही, हुरडाबाज म्हणाले! शिरोत बेर्बेरे मसाला असतो. लाल मिरची, मेथी, कोरारिमा नावाची तिथली वेलची, आणखी बरंच काही. वास येताच कळतं की हे घर आपलं नाही. आणि धक्का पाहिजे असेल तर गुर्शा घ्या. घरमालकीणबाईंनी पहिल्याच जेवणात इंजेऱ्याचा मोठा घास केला आणि स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात कोंबला. मानाची पद्धत आहे, नाही म्हणायचं नसतं. घास जेवढा मोठा तेवढी माया मोठी.

गोदाकाठचा
चुलीवरचीताई, एकच शंका. वडिलांना एका ताटात जमणार नाही. माझ्या उष्ट्या पेल्यातलं पाणी पीत नाहीत, परक्याचा हात तोंडात तर विसराच.

चुलीवरची
वेगळं ताट मागितलं की देतात. थोडं नवल करतात, 'रुसलेत का आजोबा' असं विचारतात.

नान_कलिया (औरंगाबाद)
मेव्हण्याचं कुणी बघायलंय का नाही? त्याच्यासाठी लिहितो. ताश्कंद.

आमच्याकडचा नान कलिया महंमद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली त्या लवाजम्याबरोबर आला असं सगळे सांगतात. लहानपणापासून हे ऐकत आलो, म्हणून मध्य आशियातला नान बघायची हौस होती. तिथं त्याला नोन म्हणतात. गोल, कडेला फुगलेला, मध्ये खिळ्यांच्या शिक्क्यानं टोचून दाबलेला, म्हणजे मधला भाग फुगत नाही. समरकंदचा नोन जड आणि चकचकीत, दिवसेंदिवस टिकतो. नोन कधी पालथा ठेवायचा नाही आणि सुरी लावायची नाही, हातानं तोडायचा. मी गप्पांच्या नादात पालथा ठेवला, तर शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यानं उठून तो सुलटा केला आणि काही न बोलता परत जाऊन बसला.

पण खरी गोष्ट पलोव. ताश्कंदच्या टीव्ही टॉवरजवळ पलोवची मोठी जागा आहे, तिथं जेवणाच्या हॉलमध्ये जायच्या आधी बाहेर कढया बघा. लग्नाच्या आपल्या कढयांहून मोठ्या. तळाला तेल, त्यात मांस, मग कांदा, मग पिवळ्या-लाल गाजराच्या काड्यांचा ढीग, जिरं, अख्खे लसणाचे गड्डे आणि सगळ्यात वर तांदूळ. हे सकाळी लावतात आणि दुपारी दोनच्या सुमाराला खडखडाट. रात्री पलोव मागणारा म्हणजे पाहुणा, हे त्यांना लगेच कळतं. ताश्कंदला सगळं कालवून वाढतात, समरकंदला थर तसेच ठेवून. सोबत टोमॅटो-कांद्याचं पातळ चिरलेलं सॅलड आणि साखर नसलेला हिरवा चहा. तो चहा सोडू नका, नाहीतर ते तेल छातीवर बसतं. २०१६ मध्ये युनेस्कोनं पलोवच्या परंपरेला यादीत घेतलंय, पण मेव्हण्याला त्याचं काय.

भाकरतुकडा
तेल कुठलं वापरतात?

नान_कलिया
पारंपरिक म्हणजे दुंब्याची चरबी नाहीतर सरकीचं तेल. कापसाचा देश आहे तो.

हुरडाबाज
म्हणजे परभणीचाच माल. गुरुजी, परभणी लांब नाही बघा.

दौलताबादी
नान कलिया साहेब, गाव 'औरंगाबाद' लिहिलंय. बदला.

नान_कलिया
खात्यात २०११ मध्ये लिहिलंय ते आहे. तुम्ही बदलायचं बटण दाखवा.

व्यवस्थापक
शहराच्या नावावर वेगळा धागा आहे आणि तो कुलूपबंद आहे. इथं खाण्यावर बोला.

तुळजाई
पलोवचं वर्णन आवडलं. पण माळकरी बाबांनी ताश्कंदला काय करायचं? हिरवा चहा?

नान_कलिया
खरंय, अवघड आहे. लाल भोपळ्याचा समसा मिळतो, तंदुरातला, पण कधी कधी त्यातही चरबीचा बारीक तुकडा असतो, विचारून घ्यावं. वसंतात पालेभाजीचा समसा येतो. मार्चमध्ये नवरोजला गेलात तर मात्र सुमालक खाल्लंच पाहिजे. गहू मोड आणून कुटतात, त्याचा रस, पीठ आणि तेल एवढंच. साखरेचा दाणा नाही. मोठ्या कढईत रात्रभर शिजतं, तळाला लागू नये म्हणून कढईत धुतलेले खडे टाकतात आणि गल्लीतल्या बायका आळीपाळीनं ढवळत, गाणी म्हणत जागतात. सकाळी तपकिरी, दाट, गोड असं काहीतरी होतं. साखर न घालता एवढं गोड कसं झालं ते मोडाच्या गव्हालाच माहीत. वाटीत खडा आला तर नशीबवान. पण दिवाळीनंतर ते नाही.

निवृत्त_गुरुजी
ताश्कंदला गेलं तर शास्त्रीजींच्या पुतळ्याला नमस्कार करून यावा. ११ जानेवारी १९६६. आम्ही मॅट्रिकला होतो. त्या सकाळी वर्गात मास्तर काहीच शिकवू शकले नाहीत.

लेणीवाला (वेरूळ)
मी अजिंठा-वेरूळला जपानी पर्यटकांचा गाइड आहे. एका जुन्या पाहुण्यांनी बोलावलं म्हणून कोयासानला गेलो होतो, त्याबद्दल लिहितो. खर्च युरोपाएवढाच येईल, धागाकर्त्यानं रागावू नये.

जपानमध्ये शाकाहारी माणसाचा घात दाशी करते. वाळवलेल्या माशाच्या कीसाचं पाणी जवळजवळ सगळ्या रश्श्यांत, सॉसमध्ये, कधी साध्या शिजवलेल्या भाजीतही. वर तुकडा दिसत नाही म्हणून माणूस बिनधास्त पितो. पण कोयासान डोंगरावर कुकाई नावाच्या आचार्यांनी ९व्या शतकाच्या सुरुवातीला मठ वसवला, तिथले मठ पाहुणे ठेवतात आणि जेवायला शोजिन र्‍योरी देतात. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. दाशी करायची ती कोंबू नावाच्या समुद्री पाल्याची आणि शिताके आळंब्यांची.

मला लक्षात राहिलं ते गोमा-दोफू. नावाला तोफू, पण सोयाबीन नाही. तीळ वाटून त्याचं दूध आणि कुडझू वेलीच्या मुळाचं पीठ, मंद आचेवर घोटत बसायचं. थंड झालं की चौकोनी वडी. वर हिरव्या वासाबीचा ठिपका. काडीनं तोडायला गेलं तर ती थरथरते पण तुटत नाही, आणि तोंडात गेली की नुसता तीळ. तिथल्या थंडीत गोठवून वाळवलेला कोया-दोफू पण असतो, गरम रश्श्यात भिजवलेला, दाबला की पाझरतो. लाकडी छोट्या ताटांत चार-पाच वाट्या, मांडी घालून चटईवर, संध्याकाळी साडेपाच-सहालाच जेवण. वडिलांना हे शंभर टक्के मानवेल. तिखट मात्र शून्य.

सिल्लोडची_मिरची
म्हणून तर पहिल्याच प्रतिसादात सांगितलं.

हादगा
ज्वारी खाणाऱ्या लोकांचा धागा आणि ज्वारीच्या मुलुखाचं नाव कुणी काढेना. ज्वारी मुळात आफ्रिकेची. पूर्व सुदानात सुमारे ५००० वर्षांपूर्वी पिकवलेल्या ज्वारीचे पुरावे सापडलेत. आपल्याकडं ती तिकडूनच आली. सुदानात ज्वारीचं पीठ आंबवून किसरा घालतात, कागदासारखा पातळ. सुदानला सध्या युद्धामुळं जाण्यात अर्थ नाही, पण मी बोत्स्वानात गाबोरोनेला रस्त्यांच्या कामावर होतो, तिथलं सांगतो.

तिथं ज्वारीचं बोगोबे रोजचं. सकाळी पातळ, दुपारी घट्ट, चमचा उभा राहील असं. पीठ आंबवून केलं तर 'टिंग', त्याला ताकासारखा आंबट वास. सोबत मोरोगो म्हणजे पालेभाजी. त्यात चवळीचा पालाही असतो, वाळवून वर्षभर ठेवतात. हिवाळ्याच्या सकाळी साइटवरची माणसं टमरेलात बोगोबे घेऊन बसायची आणि मला म्हणायची, तुमच्या देशात ज्वारी असते का. मी फोनवर लातूरकडच्या टाळक्याचा फोटो दाखवला तर एकजण म्हणाला, बरी आहे, पण बुटकी आहे.

मेव्हण्यासाठी सेस्वा. गाईचं किंवा बकरीचं मांस नुसत्या मिठात तीन पायांच्या लोखंडी भांड्यात तासन्‌तास शिजवतात आणि मग कुटून रेषा रेषा करतात. मसाला अजिबात नाही. लग्न असो की मयत, हे काम पुरुषांचं. सगळ्या गावाला पुरेल एवढं करतात.

तुळजाई, हे आपल्यासारखं आहे म्हणून सांगत नाही. उलट तेच धान्य आपण भाकरी करून संपवतो, आणि त्याचं एवढं वेगळं होऊ शकतं हे बघायला मजा येते.

तुळजाई
हादगा, हे पटलं. वेळ अमावास्येची आंबील सोडली तर आपणही ज्वारीची भाकरीच धरून बसलोय.

भाकरतुकडा
आंबिलीचं नाव काढलंत. बिंदगीतली, शेतात कोपीजवळ बसून, भज्जीबरोबर. झालं, आता काम होणार नाही आज.

हुरडाबाज
आंबील + उंडे + भज्जी. परदेश गेला खड्ड्यात.

पाटील_तात्या
भज्जीत किती भाज्या घालता? आमच्याकडं सोळा म्हणतात, बायको मोजून घालते.

भाकरतुकडा
जे शेतात आहे ते सगळं. मोजायचं नसतं.

पाटील_तात्या
मोजायचं असतं.

(व्यवस्थापक: भज्जीवरचे पुढचे प्रतिसाद वेळ अमावास्येच्या धाग्यावर हलवले आहेत.)

लातूर_ते_तिबिलिसी
मी लातूर पॅटर्नवाला, सध्या जॉर्जियात एमबीबीएस करतोय. होस्टेलच्या मेसमध्ये आमचंही राजमा-चावल चालतं, पण बाहेर खाल्लेलं सांगतो.

खिंकाली. मोठा मोदक समजा, पण ते शेंडीचं टोक धरून पालथं उचलायचं, बाजूला छोटा चावा घ्यायचा, आतला गरम रस्सा आधी ओढून घ्यायचा, मग बाकीचं. काट्या-चमच्यानं फोडलं की रस्सा ताटलीत सांडतो आणि मालक नाराज. जाड शेंडी खात नाहीत, ताटलीत ठेवतात, शेवटी त्या मोजून कुणी किती खाल्ले ते कळतं. मांसाचे असतात तसे आळंबीचे, बटाट्याचे, चीजचेही मिळतात. वर फक्त काळी मिरी.

बाबांसाठी लोबिओ: राजम्यासारखी शेंगबी मातीच्या सुगडात शिजवून, कोथिंबीर आणि तिथला मेथीच्या जातीचा मसाला. सोबत मचादी, मक्याची जाड भाकरी. वांग्याचे काप तळून त्यात लसूण घातलेलं अक्रोडाचं वाटण भरतात, वर डाळिंबाचे दाणे. अक्रोड इथं शेंगदाण्यासारखे सढळ वापरतात, त्यामुळं मला करमतं.

आणि चुलीवरची काकूंनी सांगितलं ते इथंही चालतं. हेही ऑर्थोडॉक्स. हॉटेलात 'समार्खवो' म्हणजे उपासाचं म्हटलं की वेगळा मेनूच देतात, दूध-चीजसुद्धा नसतं. नाताळाआधीचा उपास इथं २८ नोव्हेंबरपासून ६ जानेवारीपर्यंत असतो, कारण यांचा नाताळ ७ जानेवारीला. गोदाकाठचा काका, तुम्ही दिवाळीनंतर येणार ना? बरोब्बर त्यातच येता.

चुलीवरची
अरे वा, लेकरा! इथिओपियातही नाताळ ७ जानेवारीलाच आणि त्याआधी नोव्हेंबरच्या अखेरपासून उपास. म्हणजे डिसेंबरात दोन्हीकडं रोजच बुधवार.

बीडचा_खलाशी
थांबा, थांबा. उपासाचं म्हटलं की डोळे झाकून खाऊ नका. ग्रीसमध्ये त्यांच्या उपासाला कोळंबी, शिंपले, ऑक्टोपस सगळं चालतं. रक्त नसलेला जीव, असा त्यांचा हिशेब. पिरेयसला मी 'उपासाचं द्या' म्हटलं तर अख्खा ऑक्टोपस भाजून आला. मला चालला, बाबांना चालणार नाही. जॉर्जियातही काही दिवशी मासे मुभेत असतात. 'उपासाचं' म्हणा आणि 'मासा पण नको' हे पुढं जोडा.

बाकी देशांत लपलेला मासा लक्षात ठेवा. श्रीलंकेच्या पोळ सांबोलात, म्हणजे खोबऱ्याच्या चटणीत, वाळवलेल्या मालदीव माशाचा चुरा. इंडोनेशियात गाडो-गाडोच्या शेंगदाणा सॉसमध्ये कोळंबीची पेस्ट. व्हिएतनाममध्ये फिश सॉस. पण व्हिएतनाममध्ये चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, बरेच लोक शाकाहार पाळतात. त्या दिवशी एरवी मांस विकणाऱ्या गाड्यांवरही शाकाहारी मिळतं. कालनिर्णय घेऊन जा.

निवृत्त_गुरुजी
कालनिर्णय चालतं, खसखस चालत नाही. लिहून घेतलं.

सुशीला_प्रेमी
मॉरिशसचं कुणी लिहिलं नाही? डाळपुरी. पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं पुरण, पण गोड नाही, पातळ पोळी, दोन-दोनची जोडी कागदात गुंडाळून देतात. आत शेंगबीची भाजी, टोमॅटोची चटणी, लोणचं. पोर्ट लुईच्या बाजारात उभ्यानं खायची. विक्रेत्या बाईंचं आडनाव ऐकून मराठीत बोलले, त्या फ्रेंचमध्ये हसल्या.

घाटीचा_डॉक्टर
दोन गोष्टी, खाण्याच्या नाहीत पण कामाच्या. इथिओपियाहून भारतात परतताना पीतज्वराची लस घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. लस जायच्या किमान १० दिवस आधी, ठरलेल्या केंद्रांवरच मिळते. आणि साठीच्या पुढच्यांना ती सरसकट देत नाहीत, वडिलांना आधी डॉक्टरांना दाखवावं लागेल. दुसरं, अम्हारा भागात, म्हणजे ताईंच्या बहिर दारकडं, २०२३ पासून गडबड आहे. जायचंच तर परराष्ट्र मंत्रालयाची सूचना बघून अदिसपुरतं.

आंबवलेलं, तेलकट असं सगळं एका दिवशी चाखू नका. ओआरएसची पाकिटं ठेवा. रस्त्यावर रटरटत असलेलं गरम खायला मी घाबरत नाही, कापून ठेवलेली फळं आणि बर्फ टाळतो.

चुलीवरची
डॉक्टरसाहेब बरोबर बोललात. तिथल्या ओळखीच्यांचे फोन येतात तेव्हा मलाही काळजी वाटते. बाबांना घेऊन आत्ता नको.

गोदाकाठचा
मंडळी, दोन दिवस सगळं वाचून दाखवलं घरी. कोयासान ऐकून वडील म्हणाले छान आहे, खर्च ऐकून म्हणाले पंढरपूर काय वाईट. ताश्कंदसाठी मेव्हणा एकटाच हात वर करून बसला होता. डॉक्टरसाहेबांमुळं इथिओपिया यंदा बाद, वडील ७२ चे आहेत. शेवटी वडिलांनीच विचारलं, त्या लातूरच्या पोराच्या देशात महिनाभर उपास चालतो ना? मग तिथं चला, निदान लोक देवाचं काहीतरी करायलेत.

तर जॉर्जिया, डिसेंबर. बायकोनं अट घातलीय की वेळ अमावास्येच्या आत परत, तिचं माहेर औशाचं आहे. टूरवाल्याला महाराजांशिवायचा भाव विचारला, तर म्हणतो महाराज काढले तरी भाव तोच. मग आम्ही आमचंच बुकिंग करायलोय.

लातूर_ते_तिबिलिसी, समार्खवो मेनू इंग्रजीत असतो का? आणि मेव्हण्याला उपासाच्या महिन्यात मटण मिळेल ना? दोन दिवसांपासून तोंड पाडून बसलाय.

लातूर_ते_तिबिलिसी
काका, मटण भरपूर, उपास सगळेच पाळत नाहीत. मेनू मोठ्या हॉटेलांत इंग्रजीत असतो. छोट्या ठिकाणी नसतो, मी जॉर्जियन लिपीत 'उपासाचं, मासा नको, अंडं नको' असा कागद लिहून देतो, बाबांच्या खिशात ठेवा. तारखा कळवा, परीक्षा नसेल तर सोबत येतो.

एक विनंती होती. येताना शेंगाची चटणी आणाल का? अर्धा किलो तरी.

सिल्लोडची_मिरची
आणि ठेचा.